आवाज अस्पष्ट

काळ बदलला की न्यायालाही कात टाकावी लागते. म्हणून नागपुरातल्या एका कार्यालयात बोललेला जबाब आपोआप टाइप करणारं यंत्र आलं.

वकिलाने शुद्ध भाषेत पाठ करून घेतलेलं वाक्य चंद्रभानने यंत्रापुढे म्हटलं, "माझ्या भगिनीने बेसा येथील भूखंडावरील आपला हक्क स्वखुशीने सोडला आहे."

भगिनी बाहेर बाकावर बसली होती. भूखंडावर दोघांचं नाव चढवायला आलो, असंच त्याने तिला सांगितलं होतं. दार ढकलून प्रेमिलाने विचारलं, "झालं का गा, दादा? सकाळपासून उपाशी हायेस. तर्री-पोहे आणले तुयासाठी."

ती दार लोटून गेली आणि चंद्रभानला गलबलून आलं. यंत्रालाच हात जोडून तो भडाभडा बोलला, "मी खोटं बोलून राहिलो, साहेब! तिनं काईच सोडलं नाही. तिले तर ठाऊक बी नाही!"

पडद्यावर पहिलं वाक्य काना-मात्रेसकट शुद्ध उमटलं होतं. त्यापुढे कंसात होतं, 'आवाज अस्पष्ट'.

खाली दोन बटणं होती, 'पुन्हा बोला' आणि 'मान्य'.


'मान्य' दाबून चंद्रभान पोहे खायला बाहेर आला.