दोघांचा खेळ

“‘काळी राणी’च घ्यायचा,” दादा म्हणाला. बारक्याला नेमकी हीच भीती होती.

बारक्या म्हणजे वय वर्षं एकतीस, पोट सुटलेलं, कपाळ मागे सरकत चाललेलं. पण घरात नाव तेच. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन खेळ शेजारी शेजारी मांडलेले होते. तिन्ही राक्षस, जादूगार आणि तलवारींचे, तिन्ही दोघा भावांनी मिळून आणलेले. एक ड्रॅगनवाला, एक बोटीचा आणि ही काळी राणी. नवा खेळ एकट्यानं उघडायचा नाही, हा दोघांचा शाळेपासूनचा शब्द. पण कारखान्यात दादाचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला आणि खेळ तसेच राहिले. दीड महिना हॉस्पिटल झालं. आज तो पहिल्यांदा घराबाहेर पडला, तो वहिनीला घेऊन थेट बारक्याच्या खोलीवर.

“ड्रॅगनवाला घेऊ या ना,” बारक्या म्हणाला. “राणीत आहे काय? या तळघरातून त्या तळघरात. आणि मधला भाग तर भलताच रटाळ.”

“न खेळता तुला बरी सगळी बातमी!”

“वाचलं कुठेतरी. बरं, मग बोटीचा तरी घे.”

“बोटांचं नाव काढू नकोस बाबा, आधीच दोन कमी आहेत,” दादा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

“पुरे हो! काहीतरी अभद्र बोलायचं,” वहिनी म्हणाली.

बारक्याला हसू आलं नाही. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. माउसची दोन बटणं ज्या बोटांनी दाबतात, नेमकी तीच.

“घ्या हो भावोजी यांच्याच मनासारखं,” वहिनी म्हणाली. “खाटेवर पडल्या पडल्या दुसरा विषय नव्हता. ही राणी चांगली की वाईट, तिच्या बाजूनं लढायचं की विरुद्ध, नर्सलासुद्धा विचारून झालं. वर म्हणायचे, बारक्या आला की ठरवू. आणि तुमचा तो मेला ओव्हरटाइम! एक दिवस म्हणून सुटका झाली नाही तुमची.”

बारक्याने मान खाली घातली. कसला ओव्हरटाइम नि कसलं काय! पहिल्या दिवशी तो हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला होता. आता तो हात बघायचा, या नुसत्या विचारानंच तो माघारी फिरला. खोलीवर जीव रमेना, म्हणून काळी राणी उघडली. तिथे जखम कितीही मोठी होवो, हिरव्या बाटलीतला एक घोट घेतला की माणूस खडखडीत बरा. उद्या नक्की जाऊ, असं तो रोज म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही. राणीच्या खेळाचा शेवट मात्र आला. त्या दिवशी त्याला स्वतःची फार शरम वाटली. आज दादा येणार म्हटल्यावर सकाळीच त्याने आपला झालेला सगळा खेळ पुसून टाकला होता.

“चल,” दादा म्हणाला. “हात तुझे, डोकं माझं.”

दादाने तिरंदाज निवडला. त्याचं नाव ठेवलं ‘डावखुरा’. खेळ सुरू झाला तो अंधारकोठडीत. दादाने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून बसला. खुलला होता अगदी. त्याला तसं बघून बारक्यालाही बरं वाटलं. निभावलं म्हणायचं, त्याला वाटलं.

“किल्ली इथेच कुठेतरी असणार,” दादा म्हणाला. “घाई नको हं. आधी ते गवत उपस. मग बादली बघ. मग भिंतीचा एकेक दगड चाचपत चाचपत...”

बारक्याचा हात सवयीने सरळ खाली गेला. गवताकडे नाही की बादलीकडे नाही. खालच्या ओळीतला तिसरा दगड. दगड सरकला, किल्ली हातात आली आणि दार उघडलंसुद्धा.

“अगं बाई, लगेच सापडली की!” वहिनी म्हणाली.

दादाचं बोलणं अर्धवटच राहिलं होतं. तो त्या सरकलेल्या दगडाकडे बघत होता. बारक्याने माउसवरचा हात काढून घेतला, पण आता त्याचा काय उपयोग? पितळ उघडं पडलं होतं.

“किती तास लागले रे पुरा करायला?” दादाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर परवडलं असतं, असं बारक्याला वाटलं.

“ऐंशी,” तो म्हणाला. “दादा, मी येणार होतो रे. माझी हिंमतच झाली नाही. तुझा हात...”

दादाने मांडीवरचा उजवा हात उचलला आणि टेबलावर, माउसशेजारी ठेवला. बारक्याने तो आज पहिल्यांदा नीट पाहिला.

“माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता,” दादा म्हणाला. “भेटायची वेळ झाली की रोज विचारायचा, आज तरी येणार का तुमचा भाऊ? मी सांगायचो, त्याला मान वर करायला फुरसत नाही हो. फार कष्टाळू आहे आमचा बारक्या.”