कोरी नजर

“मॅडम, आज तुम्ही मागच्या दाराने जा,” विद्यापीठाच्या कलादालनाचे तंत्रज्ञ गोडबोले कळवळून म्हणाले. “महिनाभर रोज तुम्ही रेवाच्या त्या आत्मचित्रासमोर बसून होतात. चित्रातला चेहरा कुठला आणि खरा कुठला, ते यंत्राला कळत नाही.”

प्रदर्शन बदललं की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या मनातली जुन्या चित्रांची आठवण पुढच्या दारातल्या यंत्राने पुसून टाकायची, म्हणजे नवी चित्रं कोऱ्या नजरेने पाहता येतात. हा नियम दालनप्रमुख हेमलता कारखानीसांनीच आणला होता. आणि आज उतरवलेलं प्रदर्शन त्यांच्या वारलेल्या मुलीचं, रेवाचं होतं.

“पोरांना एक नियम आणि मला दुसरा? जमायचं नाही,” त्या फणकारल्या. “आणि पोटची मुलगी कुणी विसरतं का हो?”

त्या ताठ मानेने पुढच्या दारातून गेल्या. वरचा दिवा हिरवा झाला.

गोडबोले धावत बाहेर आले. टेम्पोत ठेवलेल्या, रेवाने स्वतःच काढलेल्या स्वतःच्या चित्रापाशी हेमलताबाई थबकल्या होत्या.

“हात चांगला आहे,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “डोळे आईचे घेतले असणार हिने. कुणाची हो ही मुलगी?”