चापट

"मारलं का तुम्ही हिला?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

वर्ध्यातल्या एका सरकारी सभागृहात नर्सिंग परिषदेची चौकशी समिती बसली होती. नर्सची नोंदणी ठेवायची की काढायची, ते ही समिती ठरवते. सुलोचनाबाई तिच्या अध्यक्ष. सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोल्यांत गेलेली. समोर जयवंता उभी होती, गावच्या उपकेंद्रातली सिस्टर. बाजूच्या खुर्चीवर तक्रार करणारी काजल, मांडीवर तान्हं पोर. नोंदणी गेली की नोकरी गेली, हे जयवंताला कुणी सांगायला नको होतं.

ती तोंड उघडणार, तोच काजलच्या सासूने, विमलाबाईंनी, न मागता वकिली सुरू केली.

"मारलं तं का झालं मॅडम? जोर लाव म्हनलं तं हे नुसती रडून राह्यली होती. एक चापट बसली अन् नातू आला. नवस फेडाले गिरडले जाऊन नारळ फोडला आमी. आपलेच दात अन् आपलेच ओठ, त्याची का तक्रार करतेत?"

"एक नाई," काजल खाली पाहूनच म्हणाली. "तीन मारल्या. अन् म्हनली, तवा मजा वाटली, आता काऊन बोंबलतं?"

सुलोचनाबाईंनी चष्मा काढून पुसला. हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, वेगवेगळ्या सिस्टरांच्या तोंडून. एकीलाही कधी अडवलं नव्हतं.

सासू तर जयवंताच्याच बाजूची. दुसरा साक्षीदार नव्हता. 'नाही' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"मारलं," जयवंता म्हणाली. "पोर आतच अडकलं तं का करू, या भेवानं हात उठला. पन तो शब्द भेवानं नाई निघाला मॅडम. तो सवयीनं निघाला."

ती रडायला लागली. काजल भांडायच्या तयारीने आली होती. तिलाही रडू आलं, आणि त्या रडण्याचा रागही आला.

"नोंदणी काढता येते," सुलोचनाबाई काजलला म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

काजलने पोराच्या टाळूवरून हात फिरवला.

"काढू नका. हाक मारली की धावून येनारं गावात दुसरं कोन हाय? पुढच्या महिन्यात माह्या नणंदेची तारीख हाय. तिचं बाळंतपन सिस्टरच करन. पन मी तिच्यासंग आत राहीन. एवढं लिहून द्या."

नणंद म्हणजे विमलाबाईंची लेक. त्या काही म्हणायला गेल्या, सुनेकडे पाहिलं, सिस्टरच्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांची वकिली तिथेच संपली.

"नोंदणी राहील," सुलोचनाबाई म्हणाल्या. "लेखी ताकीद, आणि ही अट."

जयवंताने पदराने तोंड पुसलं आणि ती काजलकडे वळली.

"दाराशी नोको थांबू," ती म्हणाली. "उशाशी उभी राह्यजो. माहे हात दिसले पाह्यजे तुले."