‘कधीपर्यंत’चा रकाना

तीच तारीख खरवडायला तिसऱ्यांदा शिडीवर चढलो तेव्हा गुडघे कुरकुरले, आणि मीही. मी पाट्या रंगवणारा पेंटर. आकडेवारी खात्याच्या आयुक्तांच्या खोलीत हा सागवानी बोर्ड आहे. त्यावर काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत नाव, कधीपासून, कधीपर्यंत. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा, ही इथली रीत.

आयुक्त निमकर मॅडमनी महागाईचा खरा आकडा छापला, म्हणून राष्ट्राध्यक्षांनी त्यांना काढलं. मी तारीख लिहिली. कोर्टानं त्यांना परत बसवलं. मी तारीख खरवडली. मग पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. मग तिसऱ्यांदा काढलं, आणि आज तिसरा निकालही त्यांच्याच बाजूनं लागला होता. पण पेढे कुणी आणले नव्हते. मॅडम टेबलाशी कांद्याचे भाव तपासत बसल्या होत्या.

मी रंग खरवडायची पत्री दोनदा फिरवली आणि त्या जागी लाकडाला भोकच पडलं. मागच्या भिंतीचा चुना दिसायला लागला.

“वरून काळा रंग फासून टाका,” हेडक्लार्क तुंगारे शिडीखालून कुजबुजले, “आणि पांढरा डबा उघडाच ठेवा. संध्याकाळपर्यंत नवा हुकूम येतोय म्हणे.”

“येऊ दे की. तारीख लिहायला लाकूड उरलं नाही म्हणून कळवा त्यांना.” मी खाली उतरलो आणि पांढऱ्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

मॅडमनी कागदातून मान वर केली नाही.

“काका,” त्या म्हणाल्या, “घट्ट बसलंय ना?”