गोधडी पुण्याला निघाली

झाशीच्या संग्रहालयात आलेलं गोधड्यांचं फिरतं प्रदर्शन आज पुण्याला निघालं होतं आणि त्यात आता बकुळच्या आईची नवी गोधडीही जाणार होती. घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत, तरी आई पुण्याला आपलं गाव म्हणायची. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. आता तर डॉक्टरांनी प्रवासच बंद केलेला. "गोधडी मिरवणार पुण्यात अन् शिवणारी बसणार खाटेवर!" काल शेवटचे टाके घालताना ती हसली होती. पेटी बंद करण्याआधी बकुळ भिंगाखाली टाकान्‌टाका तपासत होती. संग्रहालयातली कापडं तीच जपायची. कापडात केस दिसला तर काढायचा, नाहीतर कसर लागते. कोपऱ्यात एक लांब पांढरा केस होता, दोऱ्याबरोबर सुईत ओवून शिवलेला. तिनं चिमटा उचलला. "मॅडमजी, हो गया क्या?" हमालानं विचारलं. बकुळनं चिमटा ठेवला. "भैया, सँभालके ले जाना. पहली बार जा रही हैं."