दिव्याखालचं पीठ

यशोधरा गेली त्या दिवशी, तिच्या खाटेजवळ दिवा ठेवायचा म्हणून आमची मुलगी अनुश्री दिव्याखाली पसरायला कणीक शोधत होती. तिनं सगळे डबे उघडले. सोयाबीनचं पीठ होतं, जवसाचं होतं, बदामाचंही होतं.

"बाबा, घरात कणीकच नाहीये."

"असं कसं? रविवारीच तर पुऱ्या खाल्ल्या मी."

साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी मला गहू बंद केला होता. मी यशोधराला म्हणालो होतो, "पुरी सोडून जगायचं तर कशाला जगायचं?" तिनं पुऱ्या चालू ठेवल्या. चव बदलली, तसा मी अन्नपूर्णा भागातल्या पिठाच्या चक्कीवर जाऊन चक्कीवाल्या बद्रीभियाशी भांडू लागलो. "भिया, गेहूँ में क्या मिला रहे हो?" तो दर वेळी हात जोडायचा. "गलती हो गई बाबूजी, आगे से ध्यान रखूँगा."

अनुश्री शेजारी पीठ मागायला निघाली, तर दारात बद्रीभियाच उभा. हातात कणकेची पिशवी.

"दिए के लिए लाया हूँ," तो हळूच म्हणाला. "मुझे मालूम था, आपके यहाँ गेहूँ का आटा नहीं होगा. भाभीजी ने कसम दी थी, आपको न बताऊँ."

आता रविवारच्या पुऱ्या मीच तळतो. तिच्यासारख्या फुगत नाहीत, पण पोटभर खातो. साखर ठीक आहे. सोयाबीन बद्रीभियाच दळून देतो आणि पीठ कसं मळायचं तेही सांगतो.

त्याची माफी मागायची अजून राहिली आहे.