नऊ त्रिक सत्तावीस

पिवळ्या टोप्या नऊ. निळ्या टोप्या नऊ.

नियम चौथा: कुणीही बाद होत नाही.

पहिल्या बेसपाशी पडलेला दुधाचा दात, कुणाच्या तरी आईनं रुमालात बांधलेला.

मैदानाच्या व्यवस्थापकाचं पत्र, चार घड्या घालून ताईंच्या पर्समध्ये: 'पालकांत पुन्हा हाणामारी झाल्यास शनिवारची सकाळ आपल्याकडून काढून घेण्यात येईल.'

चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर्र आवाज.

त्या आवाजासरशी, पोरांना खेळ शिकवणाऱ्या ताई वळल्या. कुंपणाच्या जाळीवर कागद चिकटवणारा हात त्यांनी मनगटाशी धरला.

"सापडलात, आजोबा."

आजोबा दचकले नाहीत. पिवळ्या संघातल्या एका चिमुरडीचे ते आजोबा. दर शनिवारी घडीची खुर्ची घेऊन चेंडू मारायच्या जागेच्या, प्लेटच्या, मागे बसायचे, मांडीवर वही. ताईंना वाटायचं, शब्दकोडं सोडवतात.

"पाच आठवडे हे तुमचंच काम?"

"माझंच. त्यात चोरी कसली?"

"धावा मोजायच्या नाहीत असं ठरलंय ना आपलं? पाच-सहा वर्षांची पोरं आहेत ही."

"पोरांना कुठं वाचता येतंय? मी मोठ्यांसाठी लावतो."

"मोठ्यांचंच तर डोकं फिरतं!"

कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: पिवळे २७, निळे २६.

गेल्या शनिवारी अशाच एका कागदावरून दोन बाबांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या. पोरं बॅटी टाकून बघत उभी राहिली. सोमवारी पत्र आलं. बेसबॉल कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या घरांचे उंबरे झिजवून ताईंनी ही अठरा मुलं जमवली होती. कमरेएवढ्या रबरी दांडीवर मऊ चेंडू ठेवायचा, तो पोरानं मारायचा आणि सुटायचं; तिन्ही बेसना पाय लावून पुन्हा प्लेटवर आलं की एक धाव. एवढंच. आज हंगामाचा शेवटचा शनिवार, आणि व्यवस्थापक स्वतः हाताची घडी घालून फाटकाशी उभा होता.

शेवटचा फटका बसून पाच मिनिटंही झाली नव्हती. मैदानभर पोरं, टोप्या, बाटल्या आणि फोन उगारलेले आईबाप असा एकच गोंधळ होता. ताईंनी कागदाला हात घातला, पण उशीर झाला होता.

"सव्वीस?" एक बाप गर्दीतून पुढे आला. मुलीच्या निळ्या टोपीला जुळणारा टी-शर्ट त्यानं मुद्दाम स्वतःसाठी आणला होता. "एका धावेनं हरलो आम्ही? कुणाची ही हुशारी?"

"माझी," आजोबा म्हणाले.

"तरीच! नात पिवळ्यांत, मग काय बघायचं."

"जे पोर प्लेटला पाय लावून गेलं, त्याची एक रेघ. पदरचं काही घालत नाही मी."

"घालत नाही, पण खाता ना! आधी मोतीबिंदू काढून घ्या."

"ओ भाऊ, तोंड सांभाळा!" पिवळ्यांकडच्या एका आईनं बाह्या सरसावल्या. तिच्यामागे आणखी तिघं सरकले. निळ्यांकडचे चौघं. व्यवस्थापकानं हाताची घडी सोडली आणि तो चालत निघाला.

आता कुणाचा नुसता खांदा लागला असता तरी पुरे होतं.

मग ताईंची नजर पुन्हा त्या दोन आकड्यांवर गेली, आणि त्यांना चक्क हसू फुटलं.

"थांबा! सगळे थांबा!" त्या आजोबांच्या खुर्चीवर चढल्या. वीस वर्षं वर्ग गप्प केलेला आवाज होता तो. "आपल्याकडे बाद होतं का कुणी?"

"नाही," दोघं-चौघं पुटपुटले.

"प्रत्येक डावात प्रत्येक मूल एकदा चेंडू मारतं. शेवटच्या पोरानं मारला की बेसवरची सगळी पोरं धावत प्लेटवर येतात. मागे राहतं का कुणी?"

"नाही."

"निळे किती? मी स्वतः हजेरी घेतलीय. नऊ. डाव किती झाले? तीन. नऊ त्रिक?"

"सत्तावीस!" पोरांच्या आधी बापच ओरडले.

"पिवळेही नऊ, त्यांचेही सत्तावीस. इथं जितकी मुलं तितक्या धावा, दर डावाला. सव्वीस होऊच शकत नाहीत! इतके दिवस तुम्ही कशावरून भांडलात माहितेय? कुणाचं पोर तापानं घरी राहिलं त्यावरून!"

व्यवस्थापकच पहिला हसला. निळ्या टी-शर्टवाल्यानं कपाळावर हात मारला. "धन्य आहोत आपण!"

आजोबा मात्र वहीत बघत होते. शेवटच्या डावाच्या रेघा त्यांनी बोटानं मोजल्या. परत मोजल्या.

"ताई, माझं चुकत नाही हो. तिसऱ्या डावात..."

"आजोबा, आता टाका एक वाढवून. सगळ्यांसमोर."

सगळे बघत होते. निळ्या टी-शर्टवाल्यानं स्वतःच पेन पुढे केलं. "घ्या. आणि मघाचं मनावर घेऊ नका. जीभ घसरली माझी."

आजोबांनी सव्वीसवर काट मारली. सत्तावीस लिहिलं. टाळ्या पडल्या. बाह्या सरसावलेली आई त्या बापाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बरोबरी झाली, आता घरी जाऊन झोपा!"

"ते पत्र फाडून टाका, मॅडम," व्यवस्थापक म्हणाला. "पुढच्या हंगामालाही शनिवार तुमचाच."

ताई खुर्चीवरून उतरल्या आणि तिच्यावरच बसल्या. इतकं हलकं त्यांना महिनाभरात वाटलं नव्हतं.

निळ्या टी-शर्टवाला डोळे पुसत, अजून हसत, टोप्यांच्या घोळक्याकडे वळला. "चला पिल्लू, निघायचं ना?" घोळक्यात निळ्या टोप्या आठच होत्या.

सव्वादहाला, तिसऱ्या डावात, त्याची मुलगी दुसऱ्या बेसवरून निघाली होती. प्लेटवर ती पोचलीच नव्हती.